सेकंड हँड गाडीत डीलरने फसवलं, तर ग्राहक आयोगात दाद कशी मागायची

सेकंड हँड गाडी घेताना सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा असतो, हे मला गाडी घेतल्यावर दोन महिन्यांनी कळलं. खंबाटकी घाटात गाडी दोनदा आपोआप बंद पडली, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, म्हणून साताऱ्यात ओळखीच्या गॅरेजला नेली. अण्णांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा पूर्ण बाहेर काढला. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही, त्यावर मातकट डाग होता आणि डागाची वरची कड पट्टीने आखावी तशी सरळ होती. मग सीट पुढे सरकवून खालचा गंजलेला रूळ दाखवला. कार्पेटचा कोपरा उचलला तर खाली बोटाला लागेल असा बारीक गाळ. "ताई, ही गाडी पाण्यातनं आलीया," एवढंच ते म्हणाले.

डीलरने ती "सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, शोरूम कंडिशन" म्हणून ५ लाख ६० हजारांना विकली होती. फोन केला तर म्हणाला, "जशी आहे तशी दिली, तुम्ही बघूनच घेतलीत ना?" जिल्हा ग्राहक आयोगातून पैसे परत मिळायला मला एक वर्ष आठ महिने लागले. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या तक्रारींचे कागद लावून दिले. त्यात एक गोष्ट सतत दिसली. माणसं हरतात ती कायदा कमी पडतो म्हणून नाही, तर गाडी बिघडल्यावर पहिल्या आठवड्यात जे करायला हवं ते करत नाहीत म्हणून. त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

पहिला आठवडा: दुरुस्ती थांबवा

गाडी बिघडली की आपला पहिला विचार असतो, दुरुस्त करून घेऊ आणि बिल डीलरकडून वसूल करू. हे करू नका. एकदा वायरिंग बदललं, इंजिन खोललं, जुने पार्ट भंगारात गेले, की दोष होता हे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. वर डीलर म्हणतो, "यांच्याच मेकॅनिकने बिघडवली."

आधी गाडीची अवस्था नोंदवून घ्या. मीटरचा फोटो काढा, त्यात किलोमीटर आणि तारीख दिसू द्या. दोषाचा सलग व्हिडिओ घ्या, तुकड्यातुकड्यांत नको. गाडी त्याच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या, चालत नसेल तर टो करून न्या आणि टोइंगची पावती ठेवा. तिथे जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि तपासणीनंतर एस्टिमेट व निष्कर्ष सही-शिक्क्यासह मागा. "ईसीयू (गाडीचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट) खराब" एवढं पुरत नाही. "ईसीयूच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरल्याने गंज" असं कारण लिहिलेलं हवं. त्याच सेंटरला गाडीची जुनी सर्व्हिस हिस्ट्रीही मागा. मीटर मागे फिरवलेला असेल तर तो तिथेच पकडला जातो: दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला ८८ हजार किलोमीटर आणि तुम्हाला विकताना ५२ हजार, यापेक्षा बोलका पुरावा नाही.

जमलं तर विमा क्षेत्रात काम करणाऱ्या परवानाधारक मोटार सर्व्हेअरकडून स्वतंत्र अहवाल घ्या. त्याची फी द्यावी लागते, पण माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत कामाला येणारा खर्च हाच. गॅरेजवाल्या अण्णांचं ज्ञान सर्व्हेअरपेक्षा कमी नव्हतं, पण आयोगापुढे सही, शिक्का आणि परवाना क्रमांक लागतो.

डीलरची जाहिरातही लगेच जपा. गाडी विकली गेली की ऑनलाइन जाहिरात काढून टाकतात. तिचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, कॉल रेकॉर्डिंग असेल तर ते, सगळं मूळ फोनमध्ये तसंच ठेवा. फोन बदलायचा असेल तर थांबा. अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्यात काटेकोर अडकत नाही, पण समोरचा वकील हरकत घेतोच.

आणि गाडी चालवणं थांबवा. तक्रारीत "गाडी वापरण्यालायक नाही" म्हणायचं आणि वर्षभरात पंधरा हजार किलोमीटर फिरायचं, हे आयोगाला पटत नाही.

तुमची तक्रार कुठे बसते

'लघुवाद न्यायालय' हे नाव ऐकून काही जण तिकडे जायला निघतात. मुंबई-पुण्यातल्या त्या कोर्टांत मुख्यत्वे घरमालक-भाडेकरूंचे वाद चालतात. गाडीच्या डीलरविरुद्ध सामान्य माणसाची जागा म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, ज्याला लोक अजूनही 'ग्राहक मंच' म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक मोठी सोय केली: गाडी कुठेही घेतली असली तरी तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पुण्यातल्या डीलरविरुद्ध मी साताऱ्यात तक्रार केली ती याच कलम ३४ च्या आधारावर. पावतीमागे बारीक अक्षरात "वाद पुणे न्यायकक्षेत" छापलं होतं, त्याने फरक पडला नाही.

दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. इथे गाडीसाठी मोजलेली रक्कम धरतात, मागितलेली नुकसानभरपाई नाही. मुदत दोन वर्षांची, कलम ६९ प्रमाणे. दोष उशिरा कळला तर मुदत तेव्हापासून धरावी असा युक्तिवाद करता येतो, पण त्या भरवशावर राहू नका, खरेदीच्या तारखेपासूनच दोन वर्षं मोजा. उलटून गेलीच असतील तर विलंब माफीचा अर्ज सबळ कारणासह सोबत द्यावा लागतो.

दोन प्रकारचे लोक इथे अडतात. गाडी पुन्हा विकायला किंवा निव्वळ व्यापारासाठी घेतली असेल तर तुम्ही 'ग्राहक' ठरत नाही. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारा मात्र ठरतो, कारण स्वयंरोजगाराला कायद्यात सूट आहे. तक्रारीत ते स्पष्ट लिहा. दुसरे, ज्यांनी गाडी डीलरकडून नाही तर शेजाऱ्याकडून किंवा एखाद्या खाजगी मालकाकडून थेट घेतली. तो व्यापारी नाही, त्यामुळे त्यांना दिवाणी न्यायालयात जावं लागतं. चॅसिस नंबर खोडलेला निघाला किंवा आरसीच बनावट असली, तर आधी पोलीस ठाणं गाठा.

अजून एक गोष्ट मनाशी प्रामाणिकपणे तपासा. सात वर्षं जुन्या गाडीची क्लच प्लेट गेली, बॅटरी बसली, सस्पेन्शन खडखडलं, तर ती झीज आहे. जुनी गाडी घेताना ती गृहीत असते आणि आयोगही तसंच म्हणतो. तुमची तक्रार उभी राहते ती लपवाछपवीवर: पुरात बुडालेली, मोठा अपघात झालेली, मीटर फिरवलेली, विम्यात टोटल लॉस झालेली, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची असून पहिल्या मालकाची म्हणून विकलेली गाडी. तिथे "जशी आहे तशी" हे वाक्य डीलरला वाचवत नाही. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं हा करार कायद्यातही कपटच आहे.

"मी तर फक्त मध्यस्थ"

डीलरचा हा बचाव जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतो, आणि तो ऐकून भलेभले गडबडतात. कारण आपल्याकडे जुन्या गाडीचा व्यवहार असाच होतो. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही, आरसीवर मूळ मालकाचं नाव, डीलरचं नाव कुठेच नाही. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागेल, कशाला उगाच" म्हणतात आणि आपण त्या बचतीवर खूश होतो.

याला उत्तर पैशाच्या वाटेत असतं. पैसे कोणाच्या खात्यात गेले? यूपीआय किंवा आरटीजीएस डीलरच्या फर्मला केलं असेल तर बँक स्टेटमेंटचं ते पान तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार. त्याच्या जोडीला डिलिव्हरी नोट, बुकिंग पावती, व्हिजिटिंग कार्ड, दुकानाच्या पाटीसमोर चावी घेतानाचा फोटो. आपण तो हौसेने काढतोच, इथे तो कामी येतो. शिवाय २०२२ च्या अखेरीस केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घेणं आवश्यक झालं. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी मधून तशी नोंद करायची आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरची. डीलरकडे हे प्रमाणपत्र आहे का, तुमच्या गाडीची तशी नोंद झाली होती का, हे नोटिशीत थेट विचारा. नसेल तर तोच तुमचा मुद्दा. असेल तर "मी मध्यस्थ" हे तोंडातून निघूच शकत नाही.

रोख पैसे दिले असतील तर अवघड आहे, पण संपलेलं नाही. बँकेतून त्याच दिवशी काढलेली रक्कम, "पेमेंट मिळालं" हा मेसेज, सोबत असलेल्याचं शपथपत्र, असं जोडत जायचं.

सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, कोणाला करायचं? फर्म आणि तिचा मालक किंवा भागीदार, दोघांनाही. ऑनलाइन प्लॅटफॉर्मने तपासणी अहवाल आणि वॉरंटी देऊन गाडी विकली असेल तर त्यालाही. मूळ मालकाने पूर्वीचा अपघात दडवल्याचं दिसत असेल तर त्याला जोडता येतं, पण उगाच गर्दी करू नका. जितके सामनेवाले, तितकी नोटिशींची बजावणी आणि तितक्या तारखा. गाडी बनवणाऱ्या कंपनीला ओढण्याआधी गोव्यातल्या एका प्रकरणाची आठवण ठेवा. तिथे डीलरने नवी म्हणून दिलेली गाडी २००९ ची आणि आधीच चाललेली निघाली. ग्राहकाने डीलरसोबत टाटा मोटर्सलाही पक्षकार केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कंपनीला जबाबदारीतून मुक्त केलं, कारण डीलरच्या त्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नव्हतं.

नोटीस

तक्रारीआधी डीलरला पाठवायची नोटीस वकिलाकडूनच जायला हवी असं नाही. एका पानात लिहा: गाडी कधी, कितीला घेतली, विकताना काय सांगितलं, काय निघालं, कोणत्या तारखेच्या कोणत्या अहवालात ते दिसतं, आणि पंधरा दिवसांत काय हवं. धमक्या नकोत, विशेषणं नकोत. ही नोटीस डीलरइतकीच पुढे आयोगही वाचणार आहे. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, तीच ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. "पत्ता अपुरा" म्हणून परत आली तर पाकीट फोडू नका, बंदच ठेवा, ते तसंच जोडायचं असतं.

याच काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा. तिथे समेटाचा प्रयत्न होतो, डीलर नमला तर उत्तम. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि तिथे दिवस गेले म्हणून दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही.

तक्रार लिहिताना

मराठीत लिहा, चालते. स्वतःला 'तक्रारदार' म्हणायचं. समोरच्याला कुठे 'सामनेवाले' म्हणतात, पुण्याकडे 'जाबदेणार', विदर्भात 'विरुद्ध पक्ष'. कोणताही शब्द वापरा, फक्त तक्रारभर तोच ठेवा.

क्रमांकवार परिच्छेद करा, एका परिच्छेदात एकच घटना, आणि प्रत्येक घटनेपुढे कंसात कागदाचा क्रमांक. "दि. १४ रोजी सामनेवाल्याने गाडी विनाअपघात असल्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले (कागद क्र. ४)" असं. मी पहिला मसुदा सात पानी लिहिला होता. त्यात माझा संताप, मुलांची गैरसोय, डीलरचा उर्मटपणा सगळं होतं. ग्राहक पंचायतीच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या काकूंनी तो वाचला आणि पेन्सिलने अर्ध्याहून जास्त ओळी खोडल्या. जे उरलं त्यातल्या प्रत्येक वाक्यामागे एक कागद होता. त्यांचं ते पेन्सिल फिरवणं मला तेव्हा लागलं होतं, आज मी दुसऱ्यांच्या मसुद्यांवर तेच करते.

मागणीचा भाग नीट विचार करून लिहा, कारण न मागितलेलं सहसा मिळत नाही. मुख्य मागणी: गाडी परत घेऊन पूर्ण किंमत, पैसे दिल्याच्या तारखेपासून व्याजासह. पर्यायी मागणी: दुरुस्तीचा एस्टिमेटप्रमाणे खर्च. ही पर्यायी ओळ विसरू नका. दोष मान्य झाला पण गाडी परत करण्याइतका गंभीर वाटला नाही, तर आयोगाला निदान तेवढं देता येतं. त्यानंतर टोइंग, तपासणी, सर्व्हेअरची फी पावत्यांसह, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासाचे दहा लाख मागू नका, त्याने बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. "रक्कम मिळताच गाडी परत द्यायला तयार आहे" हे वाक्य जरूर घाला.

गाडी कर्जावर असेल तर हप्ते भरत राहा. डीलरशी भांडण आहे म्हणून बँक थांबत नाही. हप्ते थकले की सिबिल बिघडतो आणि गाडीच ओढून नेली तर पुरावाही गेला.

दाखल करणं

पूर्वीच्या ई-दाखिल पोर्टलची जागा १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृतीने घेतली आहे. मोबाइल क्रमांकाने खातं उघडायचं, तक्रार, शपथपत्र, कागदांची यादी आणि कागद पीडीएफ करून चढवायचे. शपथपत्र नोटरी केलेलं हवं. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. माझे २०० रुपये लागले.

ऑनलाइन भरलं तरी कागदी संच तयार ठेवा: आयोगासाठी, प्रत्येक सामनेवाल्यासाठी एकेक आणि स्वतःसाठी एक. पानांवर क्रमांक टाका. व्हॉट्सअ‍ॅपच्या फिकट प्रिंट वाचता येत नसतील तर खाली टंकलिखित करून द्या. त्रुटी निघाली की फाइल मागे पडते, म्हणून पोर्टलवर दर दोन-चार दिवसांनी बघत जा.

तारखा

पहिली तारीख तक्रार दाखल करून घ्यायची की नाही यावर असते. तिथे दोन-तीन मिनिटं मिळतात. सांगायचं इतकंच: मी ग्राहक कशी, हा आयोग का, मुदतीत कशी, फसवणूक कोणत्या कागदावर दिसते. स्वतः उभं राहायला कायद्याची पूर्ण मुभा आहे, वकील सक्तीचा नाही. मला पहिल्या दिवशी हातपाय कापत होते. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, मी मराठीत उत्तर दिलं, झालं.

आयोगाची नोटीस निघाली की डीलरला लेखी जबाबासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. या ४५ दिवसांपलीकडे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून नोटीस आणि तक्रारीची प्रत डीलरला कोणत्या तारखेला मिळाली, ती पोस्टाची नोंद काढून ठेवा आणि दिवस मोजा. शेहेचाळिसाव्या दिवशी जबाब आला तर उठून हरकत घ्या. कोणी तुमच्या वतीने ती घेणार नाही.

दोष डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग तांत्रिक तपासणी करवू शकतो. अहवालाला ४५ दिवसांची मुदत असते आणि सुरुवातीची फी तक्रारदाराला भरावी लागते. डीलर तुमचा सर्व्हेअर 'विकत घेतलेला' आहे म्हणाला, तर घाबरू नका, तुम्हीच अर्ज देऊन स्वतंत्र तज्ज्ञ मागा. गाडी हात न लावता ठेवली असेल तर तुमचं काही जात नाही.

पुढे पुराव्याचं शपथपत्र, मग लेखी युक्तिवाद. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष किंवा जास्त धरून चाला. रजा त्या हिशेबाने ठेवा. व्हिडिओद्वारे सुनावणीची सोय कायद्यात आहे, लांब राहत असाल तर तसा अर्ज द्या. एकही तारीख न कळवता चुकवू नका, तक्रार तेवढ्यावरून निकाली निघू शकते.

मधेच डीलरचा फोन येतो: "मॅडम, मिटवून टाकू." मिटवायला हरकत नाही, मध्यस्थीची तरतूद कायद्यातच आहे. पण आधी तक्रार मागे घ्या मग पैसे देतो, हे कधीही मान्य करू नका. तडजोड लेखी करा, आयोगापुढे नोंदवा, आणि रक्कम खात्यात जमा झाल्यावरच तशी पुरसीस (आयोगाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) द्या. चेक नको, तो वटेपर्यंत तुम्ही तक्रार गमावून बसलेले असता.

आदेश हाती आल्यावर

डीलरला राज्य आयोगात अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. केवळ वेळ काढायला अपील करणारे इथेच गळतात. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्या डीलरने आदेशानंतर तीन महिने फोन उचलला नाही. कलम ७२ च्या अर्जाची नोटीस गेली आणि नवव्या दिवशी आरटीजीएस आलं.

गाडी परत देताना घाई करू नका. पैसे जमा झाल्याचं बघा, मीटरचा आणि चारही बाजूंचा फोटो काढा, चाव्या-कागद दिल्याची ताबा पावती डीलरच्या सही-शिक्क्यानिशी घ्या, त्यावर वेळही टाका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत नाव बदलण्याची प्रक्रिया तुमच्या डोळ्यांदेखत सुरू करून घ्या आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी जोडा. आरसीवर तुमचं नाव राहिलं तर उद्याचं ई-चलन आणि अपघाताचं समन्स तुमच्याच दारात येईल. एमपरिवहन अ‍ॅपवर नाव बदललेलं दिसेपर्यंत ती फाइल माळ्यावर टाकू नका.